पिल्लाचे जंत

माणदेशात माणूस तगला तो मेंढरांच्या जोरावर, आणि मेंढरं तगली ती कुत्र्याच्या जोरावर. रात्री वाघरीत मेंढरं बसली, की लांडग्याची चाहूल पहिल्यांदा कुत्र्यालाच लागायची. शिवाय ते खंडोबाचं जनावर. त्याला उगीच मारू नये, दारातनं उपाशी घालवू नये, असं म्हातारी माणसं सांगायची. एवढं असूनही कुत्र्याचं पिल्लू जगवायचं कसं, हे आमच्या गावाला फार उशिरा कळलं. बैलाचा खांदा सुजला तर काय लावायचं, गाईचा वार अडकला तर काय चारायचं, मेंढराचं खूर सडलं तर काय बांधायचं, हे घरटी एकाला तरी ठाऊक असायचं. पिल्लाच्या बाबतीत मात्र एकच वाक्य होतं : "जगलं तर आपलं, गेलं तर देवाचं."

मला 1966-67 सालापासूनचं बऱ्यापैकी आठवतं. आमच्याकडं कुत्री बहुतेक पावसाळा सरताना किंवा सुगीच्या तोंडाला व्यायची. कडब्याच्या गंजीखाली नाहीतर चुलीमागच्या राखेत पाच-सहा पिल्लं पडायची. पहिले पंधरा दिवस सगळी गुबगुबीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांची पोटं नगाऱ्यागत ताणायची. वर बरगड्या मोजून घ्याव्यात अशा आणि खाली हे एवढं पोट. नवखा माणूस म्हणायचा, "काय खातंपितं पिल्लू हाय!" जाणतं माणूस काही बोलायचं नाही. मग केसांची तकाकी जायची. पिल्लू ढास लागल्यागत खोकायचं, ओकायचं, आणि ओकारीत शेवयांसारखे पांढरे, वेटोळं घातलेले जंत दिसायचे. काहींना काळी, डांबरासारखी हगवण लागायची. हिरड्या पांढऱ्याफटक पडायच्या. एका सकाळी पिल्लू गार झालेलं असायचं. संक्रांतीपर्यंत सहातली दोन-तीन उरली तर कुत्रीला वेत चांगला झाला म्हणायचे.

याची कारणं प्रत्येकाची वेगळी. कोणी म्हणायचं दृष्ट लागली, कोणी म्हणायचं आईचं दूध बाधलं. पहिलटकरणीची पिल्लं जगत नाहीत, असंही एक मत होतं. काहीजण म्हणायचे, पिल्लानं माती खाल्ली म्हणून जंत झाले. यातलं दूध आणि माती हे दोन शब्द पुढं शास्त्रानं खरे ठरवले, पण वेगळ्या अर्थानं. त्याकडं नंतर येतो.

औषध नव्हतं असं नाही. आमच्या आज्जीच्या डब्यात वावडिंग होतं, डिकेमाली होती, पळसपापडी होती. हे सगळं पोरांसाठी. तान्ह्या पोराला वावडिंग घालून उकळलेलं दूध, थोड्या मोठ्याला डिकेमाली, आणि शाळेत जाणारं पोर झोपेत दात खायला लागलं की पळसपापडी. पळसाचं बी पाण्यात भिजवायचं, वरची साल काढायची, आतला गर वाळवून कुटायचा आणि गुळात गोळी करायची. आदल्या रात्री पोराला नुसता गूळ खायला घालायचा. गोडाला जंत एका जागी गोळा होतात, ही समजूत. सकाळी गोळी, आणि तिच्यामागनं एरंडेल. पोर परसात जाऊन आलं की आज्जी स्वतः काठीनं बघून यायची.

याच डब्यातली चिमूट पिल्लालाही मिळायची. कधी एखादं सुधारायचं, बरीच मरायची. वनस्पतीत गुण नव्हता असं मला म्हणायचं नाही. अडचण मापाची होती. दहा-बारा किलोच्या पोराला एक चिमूट आणि अर्ध्या किलोच्या पिल्लालाही एकच चिमूट. वरनं एरंडेल. आधीच हगवणीनं सुकलेल्या जिवाला तेच भारी पडायचं. आणि दुसरी अडचण वेळेची. ओकारीत जंत दिसल्याशिवाय डबा उघडला जात नव्हता.

वावडिंग आणि पळसाचं बी ही काही आमच्या आज्जीची शोधलेली औषधं नव्हेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींचा स्वतंत्र विचार आहे. तिथं वीस प्रकारचे कृमी सांगितलेत आणि इलाजाच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. पहिली, कृमी बाहेर ओढून काढा. दुसरी, त्यांना पोटात मानवेल अशी स्थिती ठेवू नका. तिसरी, ज्यामुळं ते होतात ते कारणच टाळा. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, आपल्या घरात पहिली पायरी पोचली, दुसरी थोडी पोचली, तिसरी मात्र वाटेतच राहिली.

साहेबाच्या देशातही फार वेगळं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिथले कुत्री पाळणारे लोक जंतावर सुपारी द्यायचे. आपली खायची सुपारी, ताजी किसून, कुत्र्याच्या वजनाच्या मापानं. पुढं 1888 साली सुपारीतला गुणाचा अंश वेगळा काढला गेला, त्याचं नाव अरेकोलिन. त्यानं कुत्र्याला जोराचे जुलाब होत आणि चपटे जंत बाहेर पडत. सुपारी आपल्या पानाच्या चंचीत, पण ती कुत्र्याच्या कामी लावली दुसऱ्यांनी.

मुंबईला परळमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली सुरू झालं. पण त्या काळातली सरकारी नजर घोडा, बैल आणि म्हैस यांच्यावर. घोडा पलटणीचा, बैल शेतसाऱ्याचा. कुत्र्याच्या पोटाकडं बघायला कोणाला सवड नव्हती. त्यावर खरा घाम गाळला गेला तो अमेरिकेत. मॉरिस हॉल नावाच्या संशोधकानं 1921 साली आकडीसारख्या तोंडाच्या, रक्त पिणाऱ्या जंतावर कार्बन टेट्राक्लोराइड हे औषध आधी कुत्र्यांवर वापरून पाहिलं आणि मग स्वतः पिऊन बघितलं. जंत पडत, पण ते औषध काळजाला, म्हणजे यकृताला, घातक होतं. 1950 नंतर पिपराझिन आलं आणि पोटातल्या लांब गोल जंतावर एक सोपं, सौम्य औषध मिळालं. ते जंताला मारत नाही, त्याचे स्नायू लुळे करतं. जंत आतड्यात पाण्याच्या उलट्या दिशेनं पोहत असतो, म्हणून टिकतो. लुळा पडला की शेणाबरोबर वाहून जातो. म्हणून ते औषध दिल्यावर जंत वळवळत बाहेर येतात, आणि बघणारा घाबरतो.

आमच्या गावात ते 1972 च्या दुष्काळानंतर पोचलं. महाराष्ट्रात 1962 साली जिल्हा परिषदा झाल्या, तसे हळूहळू गुरांचे दवाखाने आमच्या बाजूला आले. सुरुवातीला त्यांचं काम म्हणजे घटसर्पाची लस, फऱ्याची लस, बैलाचं खच्चीकरण. कुत्र्याचं नाव निघायचं ते पिसाळल्यावरच. ज्याला चावलं त्याच्या पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती एवढी मोठी होती, की कुत्र्यापासून दुसरा काही आजार होऊ शकतो असं मनातही यायचं नाही.

दुष्काळानं गावातली निम्मी कुत्री नेली होती. माणसं सुकडीवर आणि तांबड्या मिलोवर जगली, कुत्र्याला कोण काय घालणार? त्यामुळं 1973 सालच्या सुगीत आमची कुत्री व्याली तेव्हा चुलत्यांना त्या पिल्लांची फार आस होती. दवाखान्यातले एक डॉक्टर लस टोचायला वस्तीवर आले होते. चुलत्यांनी पिल्लं दाखवली. डॉक्टरांनी पोटं चाचपली आणि विचारलं, "वजन किती भरतंय एकेकाचं?"

सगळे हसले. चुलते म्हणाले, "डाक्तर, कुत्र्याचं पिल्लू का इकायचंय, वजन करायला?"

"औषध वजनावर असतंय. अंदाजानं दिलं तर एकतर जंत जगंल, न्हाईतर पिल्लू मरंल," डॉक्टर म्हणाले.

मग लोकर तोलायची तागडी काढली. एका पारड्यात पाटी, पाटीत पिल्लू, दुसऱ्यात मापं. पाटीचं वजन वजा करून डॉक्टरांनी वहीच्या कागदावर सहाच्या सहा पिल्लांचे आकडे मांडले आणि बाटलीतलं गोड औषध पिचकारीनं थेंब मोजून एकेकाच्या गालफडात सोडलं. जाताना म्हणाले, "पंधरा दिवसांनी परत द्या. आज पडतील ते मोठे जंत. बारके मागं राहत्यात, ते तवर मोठं होतील."

दुसऱ्या दिवशी गंजीखाली जे पडलं होतं, ते बघून आज्जी तोंडाला पदर लावून उभी राहिली. एकेका पिल्लाच्या मागं ओंजळभर. म्हणाली, "एवढं आत हुतं, तर खाल्लेलं पिल्लाला मिळत कुठलं हुतं?" पंधरा दिवसांनी दुसरा डोस तिनंच आठवणीनं द्यायला लावला. तिला कॅलेंडर वाचता येत नव्हतं. तिनं भिंतीवर चुन्याच्या पंधरा रेघा ओढल्या होत्या आणि रोज एक पुसत होती. त्या वेताची पाच पिल्लं जगली. एक काळ्या हगवणीनं गेलं. पिपराझिनचा रक्त पिणाऱ्या जंतावर भरवसा नसतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्यावर चालणारी पायरँटेल, फेनबेंडाझोल अशी औषधं नंतर आली, आणि चपट्या जंतावर प्राझिक्वांटेल आलं. आज जी गोळी मिळते तिच्यात बहुतेक वेळा यातली दोन-तीन एकत्र असतात.

आता त्या दूध आणि माती या दोन शब्दांकडं येतो. माझी पुतणी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली. ती पहिल्या सुट्टीला आली तेव्हा मी तिला विचारलं, "पोरी, डोळंसुद्धा न उघडलेलं पिल्लू. त्यानं माती कवा खाल्ली? मग जंत आलं कुठनं?"

ती म्हणाली, "काका, ते जन्माला यायच्या आधीच त्याच्यात असतात."

तिनं मग कागदावर काढून दाखवलं. कुत्रीनं कधीतरी मातीतनं जंताची अंडी गिळलेली असतात. त्यातल्या अळ्या तिच्या मांसात जाऊन निपचित पडून राहतात, वर्षानुवर्षं. कुत्री धडधाकट दिसते, शेणातही काही सापडत नाही. ती गाभण राहिली, की शेवटच्या वीस-एक दिवसांत या अळ्या जाग्या होतात आणि वारेतनं पोटातल्या पिल्लाच्या काळजात जातात. पिल्लू जन्मल्यावर तिथनं फुफ्फुसात, फुफ्फुसातनं घशात, आणि गिळल्या की आतड्यात. म्हणून ती खोकतात. तिसऱ्या आठवड्यात जंत अंडी घालायला लागतात, आणि आमची पिल्लं फुगायची ती नेमकी तेव्हाच. रक्त पिणाऱ्या जंताच्या अळ्या मुख्यतः आईच्या दुधातनं येतात. म्हणजे "दूध बाधलं" म्हणणारी बाई खरंच बोलत होती.

पोटातल्या पिल्लाला आईकडनं जंत जातात हे जर्मनीत हॅम्बुर्गच्या फ्युलेबोर्न या शास्त्रज्ञानं 1921 साली दाखवून दिलं होतं. आमच्या वस्तीवर ते कळायला सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत किती वेतं गेली असतील, त्याचा हिशेब नको.

मातीचं तर याहून गंभीर आहे. पिल्लाच्या पोटातला एक मादी जंत रोज हजारो अंडी टाकतो. ती ताज्या शेणात असतात तेव्हा निरुपद्रवी असतात. ओलाव्यात आणि उबेत दोन-तीन आठवडे गेले, की त्यांच्यात अळी तयार होते. मग ती अंडी मातीत कित्येक महिने, वर्षंसुद्धा, तग धरतात. पिल्लू जिथं खेळतं तिथंच घरातलं रांगतं पोर खेळतं. मातीचं बोट तोंडात गेलं, की माणसाच्या पोटात अळी फुटते. माणूस तिचं घर नव्हे. तिला आतड्यात मुक्काम सापडत नाही, म्हणून ती भटकते, काळजात, फुफ्फुसात, कधी डोळ्यात. अमेरिकेत 1950 साली हेलेनोर वाइल्डर या बाईंनी लहान मुलांचे गाठ समजून काढलेले डोळे तपासले, तेव्हा त्यातल्या काहींत गाठ नव्हतीच, जंताची अळी होती. दोन वर्षांनी पॉल बीव्हर आणि त्यांच्या सोबत्यांनी आजारी मुलांच्या शरीरात भटकणाऱ्या या अळ्यांचा आजार मांडला. हे ऐकल्यावर मला आमच्या अंगणाकडं बघवेना. दरवर्षी पिल्लं आणि पोरं एकाच मातीत लोळत होती.

आता शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात. 2015 पासून 10 फेब्रुवारी हा त्याचा दिवस ठरलाय. फार चांगलं काम आहे. पण ती गोळी माणसाच्या जंतासाठी असते. अंगणातल्या मातीत पिल्लानं टाकलेली अंडी तिनं मरत नाहीत. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. पिल्लाची घाण रोजच्या रोज उचलायची आणि खोल पुरायची. अंडी पिकायला दोन आठवडे लागतात, तेवढ्यात ती अंगणातनं गेलेली असली पाहिजेत. आणि पोरांनी जेवणाआधी हात धुवायचे.

जत्रेचंही एक सांगायला पाहिजे. बोकड कापल्यावर काळजावर किंवा फुफ्फुसावर पाण्याचे फोड दिसतात. ते टाकाऊ म्हणून आपण कुत्र्याला घालतो. त्या फोडात एका बारीक चपट्या जंताची पिल्लावळ असते. ती कुत्र्याच्या आतड्यात वाढते, तिची अंडी कुत्र्याच्या घाणीतनं पुन्हा गवतावर आणि आपल्या हातावर येतात, आणि माणसाच्याही काळजात तसेच फोड धरतात. आइसलँड हा मेंढरांचा देश, तिथं हा आजार फार होता. हाराल्ड क्राब्ब या डॅनिश संशोधकानं लिहिलेली छोटी पुस्तिका 1864 साली तिथं घरोघर वाटली. काळीज-फुफ्फुस कुत्र्याला घालू नका, कुत्र्याला औषध द्या, एवढंच तिचं सांगणं. पुढच्या पिढ्यांत तो आजार तिथनं नाहीसा झाला. न्यूझीलंडनं 1959 साली त्यासाठी कायदा केला. गावोगाव कुत्री एका जागी बांधून त्यांना अरेकोलिन देत आणि घाण तपासत. तेच ते, आपल्या सुपारीतलं. 2002 साली त्या देशानं आजार हटल्याचं जाहीर केलं. दोन्ही देश मेंढपाळांचे. त्यांनी चरकाची तिसरी पायरी धरली, असं मी म्हणतो.

आज आमच्याकडं औषधाची टंचाई नाही. उलट अडचण आहे. शेळ्या-मेंढ्यांसाठी आणलेली बाटली घरात असतेच, आणि त्यातलंच झाकणभर पिल्लाला पाजणारे लोक मी बघतो. मेंढराचं औषध पिल्लासाठी नसतं. काही औषधं कुत्र्याच्या रक्तावर वाईट परिणाम करतात, काहींत योग्य माप आणि विषारी माप यांच्यात थोडंच अंतर असतं, आणि काही जातींच्या कुत्र्यांना तर मेंढराला चालणारं औषध मेंदूत चढतं. तंबाखूचं पाणी, रॉकेलचा बोळा, लसणीच्या पाकळ्या, हेही अजून चालतं. त्यानं जंतापेक्षा पिल्लू आधी जातं.

मी आता जे करतो ते सांगतो. पिल्लं जन्मली त्या दिवसापासून मोजायचं. दुसरा, चौथा, सहावा आणि आठवा आठवडा, या चार वेळा औषध. त्याच दिवशी आईलाही, कारण पिल्लांना चाटताना ती तेच जंत परत घेते. पुढं सहा महिन्यांचं होईपर्यंत महिन्याला एकदा, नंतर तीन महिन्यांनी. दर वेळी वजन करून, कारण पिल्लू आठवड्यात दीडपट होतं आणि जुनं माप अपुरं पडतं. पिल्लू फार अशक्त असेल, हिरड्या पांढऱ्या असतील, तर घरी औषध न देता आधी डॉक्टरांकडं. पोटात जंतांचा गोळा मोठा असला तर तो एकदम सुटून आतडं अडू शकतं. काकडीच्या बियांसारखे पांढरे तुकडे शेपटीजवळ दिसले, तर तो चपटा जंत पिसवांतनं आलेला असतो, तेव्हा जंताबरोबर पिसवांचंही बघायचं.

पुण्या-मुंबईला फ्लॅटमध्ये पिल्लू नेणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं हातात येतं. त्याच्या आईची जात, रंग विचारता, तसं औषधाच्या तारखाही विचारा. कोणी सांगू शकलं नाही, तर दिलंच नाही असं धरून चाला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पिल्लू स्वच्छ घरातलं आहे म्हणून त्याच्या पोटात जंत नसतील, हा हिशेब चुकतो, कारण जंत घरातनं येत नाहीत, आईतनं येतात.

पळसाचं बी, सुपारी, गोड औषधाची बाटली, आताची गोळी, असा हा औषधांचा शे-दीडशे वर्षांचा प्रवास. त्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती आज्जीची भिंतीवरची रेघ. जंत दिसेपर्यंत थांबायचं नाही, दिवस मोजून औषध द्यायचं, हे तिनं त्या पंधरा रेघांत पहिल्यांदा केलं. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आता गाय माजावर आल्याची तारीख असते, सोसायटीच्या हप्त्याची असते, आणि पिल्लांच्या औषधाची असते. गेल्या वेताची सातही पिल्लं वाड्या-वस्त्यांवर राखणीला गेली.